शंखावरचा चोरपाहुणा

मुलांनो, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत नवा मासा सोडलेला नसतो, तरी जुने मासे अचानक आजारी पडतात. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. मासे खडकाला अंग घासतात, श्वासासाठी धडपडतात आणि कधीकधी पेटीच रिकामी होते! मग हा रोग आला कुठून?

अशा वेळी शंका घ्यायची ती नव्या खडकाची नि गोगलगायीची.

रोगाचं मूळ आहे क्रिप्टोकॅरियॉन नावाचा एकपेशीय जीव. तो माशाच्या कातडीत ३ ते ७ दिवस राहून खातो, वाढतो. मग खाली उतरून दगडाला, वाळूला नाहीतर शंखाला चिकटतो आणि भोवती टणक कवच करून घेतो. आत एकाचे अनेक होतात, अगदी २०० पर्यंत! कवच फुटलं, की ही पिल्लं मासा शोधत सुटतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर मरतात.

गंमत बघा, गोगलगाय, खेकडा, प्रवाळ यांना हा रोग होतच नाही. ते नुसतं ओझं वाहतात. म्हणून ठणठणीत दिसतात.

तांब्याचं औषध घालावं, तर गोगलगायी नि प्रवाळही मरतात! मग उपाय? नवा खडक, नवे शंख आधी मासे नसलेल्या वेगळ्या पेटीत सुमारे अडीच महिने ठेवायचे. कारण काही कवचं फुटायला दोन महिन्यांहून जास्त वेळ लागतो.

तेव्हा पेटीत नवा शंख येणार असेल, तर आईबाबांना जरूर विचारा, "याची वेगळी पेटी कुठाय?"