सहस्रकुंडाच्या पुढेही जाऊ या!

पावसाळा लागला की उमरखेडची आपण सगळी पोरं-पोरी सहस्रकुंडला पळतो. काळ्या कातळावरून कोसळणारी पैनगंगा, दोन-चार रील्स, की परत! पण याच तालुक्यात सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं पैनगंगा अभयारण्य आहे, तीन बाजूंनी नदीनं वेढलेलं. तिथला साग, अस्वलं, नीलगाई आपल्यापैकी किती जणांनी पाहिल्यात? आणि ‘बंदी भागा’तली गावं साध्या रस्त्यासाठी झगडतात, हे कितींना ठाऊक आहे? जंगलही राखायचं आणि माणसंही जगवायची, हा पेच वर्गात बसून कळत नाही. म्हणून कॉलेजांनी यंदाची एक सहल इथंच काढावी. वनरक्षकांशी बोलावं, गावकऱ्यांचं ऐकावं, प्लास्टिक परत आणावं. रील काय, नंतरही होईल!