दप्तर घेऊन या

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची मिळून एक इतिहास परिषद व्हावी, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. समोरचा उत्साहाने मान डोलावतो आणि लगेच विचारतो, "उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?" घोडं इथंच पेंड खातं. मग उद्घाटक ठरतात, स्वागताध्यक्ष ठरतात, ढोल-लेझीम येतं, शाली-श्रीफळांचा ढीग लागतो आणि दुपार कलते. एखाद्या डोंगरावरची लेणी वर्षानुवर्षं पायी हिंडून पाहिलेला अभ्यासक बोलायला उभा राहतो न राहतो तोच त्याच्या हातात चिठ्ठी सरकवली जाते : दोन मिनिटांत आटपा, जेवण थंड होतंय.

दुसऱ्या तऱ्हेची परिषद महाविद्यालयात भरते. तिथं चिठ्ठी येत नाही, कारण ऐकायला फारसं कोणी नसतंच. जे निबंध वाचतात तेच श्रोते. पडद्यावर इंग्रजी मजकूर झरझर सरकतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि ज्या गावाच्या शिलालेखावर निबंध वाचला त्या गावाला त्याचा पत्ताही नसतो. पहिल्या तऱ्हेत लोक आहेत, इतिहास नाही. दुसऱ्या तऱ्हेत इतिहास आहे, लोक नाहीत. मला हवी आहे ती तिसरी, आणि ती काही माझी कल्पना नव्हे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, तेव्हा त्याचा सगळा जीव घराघरांतल्या दप्तरांत होता. राजवाडे गावोगाव भटकले ते भाषणं द्यायला नव्हे, वाड्यांच्या माळ्यांवरचे जुन्या कागदांचे रुमाल सोडवायला. मंडळाच्या संमेलनांत पंडितांच्या जोडीला कागद घेऊन आलेली माणसंही मोलाची होती. शिवजन्माचंच पाहा. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शिवनेरीवरचा जन्म शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, असं तिच्यात नोंदलेलं होतं. तोवर बहुतेकांची भिस्त वैशाखातल्या तिथीवर होती. त्या नोंदीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. राज्य सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली ती 2001 मध्ये. एका घराण्याने जपलेलं टिपण एका संमेलनात उजेडात येतं आणि पाऊणशे वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राला कामाला लावतं. परिषद अशी असते.

आता जुन्नरकडे या. इथं बोलायला विषय कमी पडेल ही भीती नाही, उलट शिवनेरीच्या उंच सावलीत बाकीचं सगळं दिसेनासं होतं, ही खरी अडचण. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचे कडे मिळून दोनशेच्या आसपास लेणी या शहराभोवती कोरलेली आहेत. त्यांतले लेख राजांपेक्षा गृहस्थांचे, व्यापाऱ्यांचे, कारागिरांचे जास्त. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्या सुलसदत्ताने लेण्याद्रीचं चैत्यगृह दिलं. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं वेगवेगळ्या दानांवर आहेत. त्यांतल्या चिटाने तर भोजनमंडप दिला. मानमोडीवर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आपलं दान 46 व्या वर्षाचं म्हणून नोंदवतो, आणि त्या एका आकड्यावर पश्चिम भारताच्या कालगणनेचे केवढे तरी इमले उभे आहेत.

याच मानमोडीवर एका शकाने केलेल्या दानाचा लेख आहे. वडालिका गावात करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तनं जमीन, कटपुटकात वडाच्या झाडांसाठी नऊ. आजच्या सातबाऱ्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. अशा लेखावर निबंध वाचला जात असताना समोर शेतकरी बसलेले असावेत, एवढंच माझं मागणं. कोणी तरी उठून विचारील, "वडालिका म्हणजे आमचं वडज तर नव्हे?" अभ्यासक म्हणेल, नुसतं नाव जुळून भागत नाही, पुरावा आणा. मग तिसरा कोणी शिवारातल्या करंजांच्या राईचं, जुन्या विटांच्या ढिगाचं, नांगराला लागलेल्या खापरांचं सांगेल. त्यातून काही निष्पन्न होईलच असं नाही. पण खापरं बांधावर फेकून द्यायची नसतात, एवढं त्या शेतकऱ्याला कळेल, आणि कुठं पाहायचं हे अभ्यासकाला.

नाणेघाटाचंही तसंच. सातवाहन राणी नागनिकेचा तिथला लेख म्हणजे यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची जंत्री. त्यातले आकडे इतके जुने की भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला नाणेघाट चुकवता येत नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता डोक्यावरची नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पावसाळ्यात येणारी झुंबड मात्र बाहेरच्या दगडी रांजणापाशी फोटो काढते. त्यात जकातीची नाणी पडायची, असं जो तो सांगतो. लेण्यातला मोठा लेख जकातीबद्दल अक्षर काढत नाही. रांजणाची गोष्ट खोटीच आहे असं माझं म्हणणं नाही. पण गोष्ट कुठली आणि पुरावा कुठला, हे सांगणारे वाटाडे तयार झाले तरी परिषदेचा खर्च वसूल झाला म्हणायचा. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. पर्यटकाला सांगायचं काय, हे ठरवायचं काम मात्र फलकवाल्यांवर सोडून चालणार नाही.

अभ्यासकांचे आपसातले वादही लोकांपुढे व्हावेत. कुकडीकाठच्या बोरी गावात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ते 1980 च्या दशकात जगापुढे आणलं. राखेचं वय एकांनी चौदा लाख वर्षं काढलं, दुसऱ्यांनी पावणेसात लाखांच्या घरात, आणि तिसरे म्हणाले, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वीची. हा वाद बोरीकरांसमोर, सोप्या मराठीत, नदीच्या काठावर उभं राहून व्हायला काय हरकत आहे? शहाणी माणसं एकाच राखेवरून अशी कडकडून भांडतात आणि तरी एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, हे दृश्य हल्ली फार दुर्मिळ झालंय.

अंगावर जाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर. मलिक अंबरनेही काही काळ कारभार इथून हाकला. रशियातला अफनासी निकितीन घोडा विकायला पंधराव्या शतकात इथवर आला, इथल्या खानाने त्याचा घोडाच अडकवून ठेवला, आणि पावसाळा त्याने जुन्नरात काढला. हापूसबागेतला सौदागर गुंबज आजही उभा आहे. आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीत तट चढून हेच मोगली ठाणं लुटलं. हे सगळं एकाच गावचं. ज्याला यातला निम्मा भाग ऐकायचा नसेल त्याने मिरवणूक काढावी, परिषदेला येऊ नये.

आंबेगावला अशा बैठकांत नेहमी 'आणि आंबेगाव' एवढीच जागा मिळते. मला तर अर्धी परिषद तिकडेच हवी. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे; तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचं. म्हाळुंगे पडवळचा हा मुंबईतला कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे काळबादेवीत चिरडला गेला. म्हणजे आंबेगावचा इतिहास लिहायचा तर गिरणगावातल्या खोल्या, खानावळी, गोद्या आणि बाजार यांच्याशिवाय लिहिता येत नाही. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात होन्या केंगले झाला. 1870 च्या दशकात त्याने सावकारांविरुद्ध बंड केलं. सावकारांची नाकं कापली जात. सरकारी गॅझेटिअरात तो दरोडेखोर आहे, महादेव कोळ्यांच्या घरांत क्रांतिवीर. दोन्ही नोंदी एका टेबलावर ठेवायच्या, आणि टेबलाच्या एका बाजूला त्या गावचे म्हातारे बसवायचे.

म्हाताऱ्यांचं ऐकून घेण्याचं हे काम कागदांपेक्षा घाईचं आहे. डिंभ्यात गाव गेलेल्यांना आपला आळीनिहाय नकाशा अजून तोंडपाठ आहे. विस्थापितांनी पुढे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसली, जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था काढली, तोही इतिहासच. आणि याच तालुक्यातलं माळीण? 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचला, 151 माणसं गेली. मागे उरलेल्यांनी पंचनाम्यात सांगितलं ते नोंदलं गेलं. पण गाव आधी कसं होतं, कोणाचं घर कुठं होतं, जत्रा कधी भरायची, हे विचारायला कोणी तरी बसलं पाहिजे. नुकसानभरपाईच्या फायलीत हे सापडणार नाही.

परिषद मे महिन्यात घ्यावी, असं माझं मत. ऊन असतं, मान्य. पण शाळा बंद, यात्रांसाठी मुंबईकर गावी आलेले, आणि डिंभ्याचं पाणी ओसरून जुन्या गावाच्या खुणा वर आलेल्या. एक दिवस घोडेगावात, एक जुन्नरला, तिसरा डोंगरात. प्रत्येक निबंध मराठीत, निबंधाइतकाच वेळ प्रश्नांना. सत्कार एकही नको.

आणि एक मोठं टेबल मोडी वाचणाऱ्यांचं. त्याला जुन्नरात वेगळा अर्थ आहे. पेशवाईतल्या कारकुनांना जुन्नरी कागद चांगलाच ओळखीचा होता. इथले कागदी हाताने तो बनवत आणि मराठी मुलखातल्या कितीतरी सनदा, हिशेब, निवाडे त्यावर लिहिले गेले. त्यातले काही अजून इथल्याच पेट्यांत आहेत. वाटणीच्या वेळी ते बाहेर निघतात, कोणाला वाचता येत नाहीत म्हणून परत आत जातात, नाही तर दिवाळीच्या सफाईत बंबात.

तुमच्या घरी असं काही असेल तर परिषद होईपर्यंत थांबू नका. पेटीत डांबरगोळ्या टाकण्यापेक्षा कागद कोरड्या सुती कापडात बांधा, रबर लावू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पेटी कोणाकडून आली ते आजीला विचारून लिहून ठेवा, अर्थात वेगळ्या कागदावर. मूळ कागद कोणालाही देऊन टाकायची गरज नाही, मागणारा कितीही विद्वान असला तरी. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटवलेल्या प्लास्टिकमधून जुना कागद सहसा धडपणे बाहेर येत नाही.