अंगण-गच्ची : सुकलेलं फूल वेळेवर खुडा



झेंडूला पहिला बहर छान येतो आणि मग फुलं बारीक होत जातात. खत घातलं, पाणी घातलं, तरी तेच. कारण बहुतेकदा झाडावरच असतं, सुकलेल्या फुलांत. फूल कोमेजलं की झाड बी भरायला लागतं. बी तयार झालं की त्याचं काम संपलं. सुकलेलं फूल आधीच काढलं, तर ते पुन्हा कळ्या धरतं.

सोलापुरात हे जास्त मनावर घ्यायला हवं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. मोजून घातलेला तांब्या बियांत का जावा? वुजूचं पाणी घमेल्यात धरून कुंड्यांना घाला. वाहत्या नदीवरसुद्धा वुजू करताना पाणी वाया घालवू नये, अशीच आपल्याला शिकवण आहे.

आता कुठे कापायचं ते. झेंडू, झिनिया : नुसत्या पाकळ्या ओढू नका, बी खालच्या बोंडात असतं. देठासकट, खालच्या पानाच्या जोडीवर खुडा. गुलाब : फुलाखाली पाच पर्णिकांचं पहिलं भरदार पान शोधा, त्याच्या जरा वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर तिरका काप द्या. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. मोगरा : फुलं गळाली की शेंडे दोन पेरं खुडा, कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात. जास्वंद, सदाफुली आपली फुलं आपणच गाळतात, त्यांच्यामागे लागू नका. भर मे महिन्यात मोठी छाटणी मात्र करू नका, उघड्या फांद्या उन्हानं करपतात.

गुलकंदासाठी कोमेजलेली फुलं चालत नाहीत. ताजी, देशी गुलाबाची, आणि औषध न फवारलेली हवीत. खुडलेला कचरा खताच्या डब्यात टाका.

हंगाम संपताना हात आवरा. झेंडूची दोन-तीन उत्तम फुलं झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षाचं बी होईल. झिनियाची काही बोंडं चिमण्यांसाठी ठेवा. आपण लावलेल्या झाडाचं पाखरानं खाल्लं, तर तोही सदका आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. कात्री कुठे थांबवायची, हेही बागकामच.