पंक्चरवाल्याला वर्गात बोलवा

मुसलमानाचं एखादं मत आवडलं नाही की समाजमाध्यमांवर एक शब्द हमखास फेकला जातो : 'पंक्चरवाला'. आपली उत्तरंही ठरलेली असतात. कुणी उलट शिवी देतो, कुणी कलामसाहेबांपासून सुरू होणारी मोठ्या मुसलमानांची यादी वाचून दाखवतो. पण यादी वाचणाऱ्याने एक गोष्ट नकळत मान्य केलेली असते, की पंक्चर काढणं हे काम हलकंच.

हा समज बाहेरच्यांचाच आहे असं नाही. 'नीट शिक, नाहीतर पंक्चर काढत बसशील' हे वाक्य मी पालकसभेत मराठीत ऐकलंय आणि उर्दूतही. ज्याच्या घरची चूल अशाच दुकानावर पेटते, तो मुलगाही ते ऐकत तिथेच बसलेला असतो.

तर हे काम खरंच हलकं आहे का, ते एकदा नीट बघूया.

भोक ट्यूबला कुठे पडलंय यावरून ते कशामुळे पडलं हे कळतं. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर बहुधा सराटा, बाभळीचा काटा किंवा काच. रिमकडच्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि आऱ्याचं टोक ट्यूबला लागतंय. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल, तर कमी हवेवर सायकल चालवल्याने टायर रिमवर सरकून ट्यूब ओढली गेली असण्याची शक्यता मोठी. कारण न शोधता ठिगळ मारलं, तर टायरमध्ये राहिलेला तोच काटा संध्याकाळपर्यंत नवं भोक पाडतो. म्हणून जाणता कारागीर टायरच्या आतून जपून बोटं फिरवतो. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे बघून जागा शोधतो, ट्यूब कोरडी करून घासतो, सोल्यूशन लावतो आणि थांबतो. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ दाबलं तर ते नीट धरत नाही.

टायरचंही तसंच. छोटा काप असेल तर आतून गेटर लावून काम भागतं. पण कडेची तार तुटली असेल किंवा धागे उघडे पडून टायरला फुगा आला असेल, तर तो बदलायलाच हवा. नवा घेताना '२६ इंची द्या' एवढं पुरत नाही. जाड टायरच्या रेंजर सायकलींचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. लेडीज सायकलींना सहसा लागणारा २६ × १ ३/८ हा ५९० च्या. नाव एकच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो, तो वाचायचा.

बसवायचीही रीत आहे. टायरची एक कड आधी रिममध्ये घालायची. ट्यूबमध्ये थोडी हवा भरायची म्हणजे ती पिळवटत नाही. व्हॉल्व्ह सरळ ठेवायचा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायची, आणि शेवटची वीतभर जागा अंगठ्यांनीच आत ढकलायची. तिथे लिव्हर घातला की नवी ट्यूबही फाटते. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडायचा, ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना ते चाक फिरवून बघायचं, आणि त्यानंतरच पूर्ण हवा भरायची.

निरीक्षण, कार्यकारण, मोजमाप, हवेचा दाब, सगळं यात आहे. विज्ञानाच्या तासाला आम्ही हेच शिकवायला धडपडतो.

बीएडला आम्हाला 'नई तालीम' होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर तिचा अभ्यासक्रम ज्या समितीने आखला, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याला परका नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं सुचवलं आहे. त्या दहा दिवसांतला एक दिवस कोपऱ्यावरच्या चाचांना का नको?

गरजही खरी आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, पण पंक्चर काढायला कुणी शिकवत नाही. वाटेत दुकान नसेल तर एका सराट्याने मुलीची शाळा बुडते, आणि घरातून ऐकायला येतं, 'राहू दे आता, रोजचीच कटकट.'

यावर काहीजण विचारतील, मुस्लिम शिक्षिकेनेच मुस्लिम मुलांच्या हातात लिव्हर द्यायचा? शंका रास्त आहे. आपल्या समाजात स्वयंरोजगाराचं प्रमाण तुलनेने जास्त असल्याचं सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं. त्यातल्या कित्येकांनी ती वाट निवडलेली नसते. दुसरी वाटच नसते. चौदा वर्षांचा मुलगा शाळा सोडून दुकानात बसतो तेव्हा दोष दुकानाचा नाही, बाकीची दारं बंद असण्याचा आहे. ती उघडण्यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह, आयटीआयच्या जागा यांसाठी भांडायलाच हवं. पण ते भांडताना बापाच्या हातातल्या विद्येची लाज मुलाच्या मनात भरायची गरज नाही. हजरत मुहम्मद (स.) आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, असं हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत आहे. हे आपण जलशांत ऐकतो आणि पालकसभेत विसरतो.

म्हणून हा तास फक्त उर्दू शाळेत नको. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही हवा. जिथे हा शब्द शिवी म्हणून कानावर पडतो, तिथे तर आधी. खर्च फारसा नाही : एक जुनी सायकल, पाण्याचं घमेलं, दोन लिव्हर, सोल्यूशनची एक ट्यूब. आपल्या मुलांच्या मुख्याध्यापकांशी या सत्रात बोलून बघा. चाचांचा त्या दिवसाचा धंदा बुडेल, तेव्हा त्यांना मानधन द्या. आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं लिहितो तसं त्यांचंही पूर्ण नाव फळ्यावर लिहा.