दिवाणखान्यातला सागर आणि वीज

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या इंदुरातही आता काही हौशी मंडळींच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्या दिसतात. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळून केलेला तो घरगुती सागर आणि त्यातील नारिंगी-पांढरे मासे पाहून कोणाचेही मन रमावे. परंतु या सागराला अहोरात्र वीज लागते. पंप चालतो, दिवे जळतात, आणि पौषातल्या थंडीत पाणी २५ अंशांवर राखण्यासाठी हीटर बुडालेला असतो. त्यात खारे पाणी नळाच्या पाण्याच्या मानाने सुमारे शंभरपट विद्युद्वाहक!

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका वर्गबंधूने पेटीत हात घातला, तो मुंग्या आल्यासारखे झाले. मासे मात्र खुशाल पोहत होते, म्हणून वडीलधाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले. वास्तविक यात नवल नाही. लाकडी घडवंचीवरच्या काचपेटीतील मासा तारेवर बसलेल्या चिमणीसारखा असतो. त्याच्या अंगातून जमिनीकडे जाण्यास विजेला वाटच नसते. ती वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून हात बुडविणारा मनुष्य करून देतो. पुढे हीटरच्या काचेस केसाएवढी चीर आढळली.

अशा वेळी पाण्यात भूसंपर्काची टिटॅनियमची कांडी सोडून निश्चिंत होण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाही. कांडीने पाण्याचा विद्युद्दाब उतरतो खरा, पण गळती थांबत नाही. ती निमूटपणे जमिनीत जात राहते, आणि आता मासेही तिच्या वाटेत सापडतात. फ्यूज वितळण्यास कित्येक अँपिअर लागतात, हृदय बंद पाडण्यास मात्र काही शतांश अँपिअर पुरे. म्हणून आधी हवी ती ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडणारी आर.सी.सी.बी.; कांडी शोभते ती तिच्या जोडीला.

मीटरवर वीस-तीस व्होल्ट दिसताच घाबरणारेही आहेत. पंपाच्या वेटोळ्यांच्या केवळ सान्निध्यानेही तसा आकडा दिसतो. पण अंगाला झिणझिण्या आल्या, तर वाद न घालता आधी प्लग उपटावा. माशांवर हजारो रुपये खर्चणाऱ्याने आर.सी.सी.बी.च्या किमतीबद्दल कुरकुर करावी, याचे आम्हांस हसू येते.

वर्गबंधूच्या घरी आता ती बसविली आहे. दरमहा तिचे चाचणीचे बटण दाबून पाहण्याचा मान त्याच्या धाकट्या बहिणीने आपल्याकडे घेतला आहे.