आधी वाट, मग शिखर

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अकोले तालुक्यात शिरणाऱ्या ट्रेकर्सच्या गाड्या बहुतेक दोनच ठिकाणी थांबतात. एक कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि दुसरं हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई. कळसूबाई म्हणजे 1646 मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा आणि केदारेश्वराची गुहा. जिथलं नाव मोठं तिथं जायचं, एवढ्यावरच निवड होते. डोंगरांची ओढ चांगलीच आहे. घाटमाथ्यावरचा वारा आणि कड्यावर फुटणारं धुकं माणसाला पुन्हा पुन्हा बोलावतं. पण डोंगर निवडायचा तो वाट, ऋतू आणि स्वतःचा वकूब पाहून. नुसत्या नावावर केलेल्या निवडीची किंमत माणूसही मोजतो आणि डोंगरही.

उंचीवरून अवघडपणा ठरत नाही, याचा पुरावा या तालुक्यातच आहे. कळसूबाईच्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि नवरात्रात आसपासच्या गावांतली वयस्कर माणसंही देवीच्या दर्शनाला वर जातात. त्याच डोंगररांगेतले अलंग आणि मदन हे किल्ले कळसूबाईपेक्षा ठेंगणे, पण त्यांच्या कातळावर दोराशिवाय पाऊल टाकू नये. शेजारच्या कुलंगला दोर लागत नाही. तिथं परीक्षा असते ती दमाची. हरिश्चंद्रगडाचा माथा एकच, पण पाचनईकडून नवखा माणूसही दोन-तीन तासांत वर पोहोचतो, तर कोकणातल्या बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने चढताना मुरलेल्या ट्रेकरचाही कस लागतो. ऋतूनुसार तर सगळंच पालटतं. साम्रदची सांदण दरी हिवाळा-उन्हाळ्यात पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात मात्र त्या अरुंद घळीत पाण्याचा लोंढा आला, तर दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींमधून सुटकेला जागा नाही. कळसूबाईची सोपी शिडीसुद्धा पावसात निसरडी होते. वरून उतरणारे आणि खालून चढणारे तिच्यावर एकाच वेळी आले, की ओल्या लोखंडाला धरून माणसं खोळंबतात आणि धोका तिथंच सुरू होतो.

वाट कशी निवडावी, या प्रश्नावर बर्फाळ देशांनी साधा उपाय शोधला आहे. पायाला फळी बांधून बर्फावरून घसरत उतरण्याचा स्नोबोर्डिंग हा खेळ 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पोहोचला. त्यातली मजा वेगाची आणि तोल सावरण्याची. तरीही या खेळातला जाणकार शिखराच्या उंचीआधी बर्फ कसा आहे आणि उतार किती तीव्र आहे, हे विचारतो. तिथल्या उतारांना रंग दिलेले असतात. बऱ्याच ठिकाणी हिरवा सर्वांत सोपा, काळा सर्वांत अवघड. हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा अंदाजही जाहीर होतो. एकाच डोंगरावर हिरवी आणि काळी वाट शेजारी असू शकते. कोणती घ्यायची, हे प्रत्येकाने माहितीच्या आधारे ठरवायचं. आपल्या पायथ्याच्या गावांत अशी माहिती देणारा फलक का नसावा? वाट कोणती, वेळ किती, पाणी कुठे, कोणत्या महिन्यात जाऊ नये, दोर लागतो की नाही, एवढं त्यावर असलं तरी पुरे.

यावर काही आक्षेप येतील. प्रतवारी लावली की साहसातली मजा जाते, असं म्हटलं जाईल. पण काळ्या रंगाची पाटी लावल्याने तो उतार सोपा होत नाही. तयारी नसलेला माणूस तेवढा वेळीच थांबतो. दुसरा आक्षेप, धोका असेल तर सरळ बंदी घाला. सांदणसारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी योग्यच आहे. मात्र सरसकट बंदी माणसाला काही शिकवत नाही. ती उठली की तीच गर्दी परत येते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लोक दुसऱ्या वाटांकडे वळून गर्दी पांगली तर बारी-पाचनईत जेवण आणि मुक्काम देणाऱ्या, वाटाड्याचं काम करणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या कमाईचं काय? त्यांची चिंता रास्त आहे. पण आजची कमाई पावसाळ्याच्या मोजक्या सुट्ट्यांवर टेकलेली आहे. हिवाळ्यात रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, पाहायला, सांदण उतरायला, कुलंग चढायला लोक येऊ लागले, तर रतनवाडी, साम्रदसारख्या गावांनाही काम मिळेल आणि बारी-पाचनईचा हंगामही लांबेल. शिवाय अवघड वाटेला जाणकार वाटाड्या लागतोच, आणि त्याचा मोबदलाही जास्त असतो.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, म्हणून पहिलं पाऊल वनविभागाने उचलावं आणि वाटांची प्रतवारी गावातल्या वाटाड्यांना विचारूनच करावी. कोणत्या आठवड्यात कोणता कातळ शेवाळतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी जाहिरातीत शिखराच्या नावासोबत वाट आणि तिची प्रत छापावी. आणि जाणाऱ्याने पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारावा: या महिन्यात, या वाटेने, मला जमेल का? उत्तर नाही असेल, तर जमेल अशी दुसरी वाट याच तालुक्यात नक्की सापडेल.