न दिसलेलं गिऱ्हाईक



आजचा विषय जरा वेगळा आहे. जुन्या आठवणी, वाचलेली पुस्तकं, कोकणातला पाऊस, यांपैकी काहीच नाही. आज धंदेवाल्यांच्या संकेतस्थळांबद्दल लिहायचं म्हणतेय. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या आणि जन्मभर खडू झिजवलेल्या बाईनं या भानगडीत कशाला पडावं, असं आमच्या घरातल्याच काही मंडळींना वाटेल. पण मी गिऱ्हाईक आहे, आणि बोलायला तेवढी पात्रता पुरते!

तर माझं म्हणणं असं, की ज्याला जालावरून माल विकायचा आहे त्यानं आपली साइट आधी मोबाइलवर कशी दिसते ते बघावं, संगणकाचा विचार मग करावा. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. साइट बनवणारा मोठ्या पडद्यासमोर बसून ती बनवतो, लॅपटॉपवर मालकाला दाखवतो, मालकही तिथेच बघून खूश होतो आणि पैसे चुकते करतो. गिऱ्हाईक मात्र ती बघतं लोकलमध्ये उभ्यानं, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात फोन धरून. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या हातातल्या पडद्यावर ती साइट कुणी उघडून बघितलेलीच नसते.

यात एक गोम आहे. दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक परत फिरलं तर दुकानदाराला दिसतं. तो हाक मारतो, "काय बघताय, ताई?" म्हणून विचारतो, आणि दोन-चार जणी तशाच परत गेल्या की मांडणी बदलतो. साइटवरून परत फिरलेलं गिऱ्हाईक कुणाला दिसत नाही. ते भांडत नाही, तक्रार करत नाही, निरोपही घेत नाही. बोट एकदा मागे सरकवतं आणि शेजारच्या दुकानात जातं. मालक इकडे म्हणत बसतो, "यंदा मागणीच कमी आहे!"

माझ्या भाच्याचंच उदाहरण सांगते. (परवानगी घेतली आहे. नाव घालू नकोस एवढंच म्हणाला.) देवगड तालुक्यात त्याची हापूसची बाग आहे. माझ्या भावाच्या वेळेला सगळा माल वाशीला जायचा. पेट्या ट्रकवर चढल्या की पुढचं सगळं दलालाच्या हातात. पट्टी येईल तेव्हा कळणार काय भाव मिळाला ते. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. सुरुवातीचा चढा भाव मे महिन्यात सगळीकडचा आंबा एकदम आला की घसरतो. फवारणी, राखण, खोकी, मजुरी यांचा खर्च मात्र आधीच होऊन बसलेला. त्यात बाहेरचा आंबा देवगडच्या नावावर खपवला जातो तो वेगळाच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण मानांकन मिळाल्यानं बागायतदाराच्या घरी गिऱ्हाईक चालत येत नाही. म्हणून भाच्यानं थेट घरोघरी पेट्या पाठवायचं ठरवलं, आणि त्यासाठी साइट करून घेतली. कुणाकडून ते सांगत नाही. बागेवर कर्ज होतं, आणि हा पैसाही त्यातलाच.

साइट लॅपटॉपवर देखणी दिसायची. मी माझ्या फोनवर उघडली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लाल पेन हातात असता तर पान रंगवलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे अख्खं पान आक्रसून टपाल तिकिटाएवढं झालं होतं. तीन रकाने शेजारी शेजारी, आणि अक्षरं मुंगीएवढी. असं का होतं, ते मी भाच्याच्या मुलाकडून समजावून घेतलं, आणि कारण मोठं मजेदार निघालं. २००७ साली आयफोन आला तेव्हा जालावरची जवळजवळ सगळी पानं संगणकासाठी बनवलेली होती. फोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद. मग त्यांनी युक्ती अशी केली, की फोननं पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचं आणि ते सगळं दाबून ३२० मध्ये बसवायचं. वाचायचं तर दोन बोटांनी ताणून मोठं करा. ही तात्पुरती सोय होती. "असं धरू नकोस, आहे तेवढीच रुंदी धर" अशी एका ओळीची सूचना पानात लिहिता येते. भाच्याच्या साइटवर ती एक ओळ नव्हती. अर्थात नुसत्या त्या ओळीनं सगळं सुधारत नाही, मांडणीही तशी करावी लागते. पण सुरुवात तिथून होते.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीतली. दरपत्रक म्हणजे एक चित्र होतं! डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टात मजकूर जुळवून त्याची जाहिरात केलेली, तीच उचलून साइटवर चिकटवलेली. आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. युनिकोडमध्ये टाइप करायचा कंटाळा, म्हणून चित्र टाकायचं. चित्रातली अक्षरं पडद्याप्रमाणे ओळ मोडून खाली येत नाहीत. ती नुसती बारीक होतात. इंग्रजी अक्षरं बारीक झाली तरी एक वेळ ओळखू येतात. आपल्या लिपीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. ती बारीक झाली की आधी टिंबं जातात. मला तिथे "आबा मिळतील" असं दिसलं! १ आणि ९ यांतला फरक कळेना. भावाच्या आकड्यात १ आणि ९ चा घोळ झाला तर काय होईल, याचा विचार करा. शिवाय चित्रात लिहिलेलं शोधयंत्राला धड वाचता येईल याची खात्री नाही, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तर नाहीच. म्हणजे "देवगड हापूस पेटी" असं शोधणाऱ्यासाठी ते दरपत्रक असून नसल्यासारखं.

तिसरी गंमत पैसे देण्याची. तिथे यूपीआयचा क्यूआर कोड टाकला होता, स्कॅन करा म्हणून. अरे, पण ज्या फोनवर तो कोड दिसतोय त्याच फोननं तो स्कॅन कसा करायचा? आरशासमोर उभं राहायचं का? संगणकावर पान उघडून फोननं स्कॅन करणारं गिऱ्हाईक बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतं. फोनवरून आलेल्यासाठी एक बटण ठेवावं, ते दाबलं की त्याचं पैसे देण्याचं ॲप उघडावं, एवढं साधं आहे ते. बाकी माउसचा बाण नुसता वर ठेवला की उघडणारी यादी होती. बोटाला असं नुसतं 'वर ठेवता' येत नाही, त्यामुळे माझ्या फोनवर ती उघडलीच नाही. बागेचे फोटो तर एवढे वजनदार, की घाटात एक दिसेपर्यंत आंबा पिकावा. पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर फोनवरून आलेल्यांपैकी ५३ टक्के भेटी तिथेच संपतात, असा आकडा गूगलनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता.

आता यावरचा उपाय. त्याला 'रिस्पॉन्सिव्ह' मांडणी म्हणतात. चांगला मराठी शब्द अजून रुळलेला नाही, तेव्हा मीही तोच वापरते. मला तो उपाय वर्गातल्या अनुभवावरून लगेच कळला. मी फळ्यावर चार रकाने आखायचे, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. मुलांच्या पाट्या वीतभर. काही मुलं अख्खा फळा जसाच्या तसा बारीक करून पाटीवर बसवू बघायची, आणि मग ते लिहिलेलं त्यांनाच वाचता यायचं नाही. काही मुलं मात्र न सांगता चारही रकाने एकाखाली एक घ्यायची. अक्षर मोठं आणि मजकूर तोच, मांडणी फक्त पाटीपुरती. रिस्पॉन्सिव्ह म्हणजे हेच. ईथन मार्कॉट नावाच्या अमेरिकन वेब-रचनाकारानं मे २०१० मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या जालावरच्या नियतकालिकात लेख लिहून हे नाव रूढ केलं. रकान्यांची मापं ठोकून न बसवता प्रमाणात ठेवायची, चित्रांनाही जागेप्रमाणे आकसू द्यायचं, आणि पडदा किती रुंद आहे ते पानानं स्वतः पाहून मांडणी बदलायची, अशा तीन गोष्टी त्यात होत्या.

त्याआधी मोठ्या कंपन्या मोबाइलसाठी वेगळी छोटी साइट ठेवायच्या. म्हणजे एकाच दुकानाच्या दोन वह्या. एकीत भाव बदलला आणि दुसरीत राहून गेला की भांडण ठरलेलं. बागायतदाराला एक वही सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, दोन कुठून सांभाळणार?

आणि हा आता हौसेचा मामला राहिलेला नाही. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलनं फोनवरच्या शोधात, फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. पुढे तर पानाची मोबाइलवरची आवृत्तीच मुख्य धरून नोंद करायची पद्धत आणली, आणि ते स्थित्यंतर पूर्ण झाल्याचं २०२३ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. म्हणजे लॅपटॉपवरची देखणी साइट परीक्षक तपासतच नाही. तो फोनवरची उत्तरपत्रिका तपासतो.

आपल्या देशात तर याला आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि संगणकाला आयुष्यात कधी हात न लावलेली माणसं थेट फोनवरून जालावर आली. आमच्याकडे कामाला येणारी, भाजीवाला, माझ्या वयाच्या कित्येक जणी. यांच्यासाठी 'मोबाइल साइट' असा वेगळा प्रकारच नाही. फोनवर दिसतं तेच इंटरनेट!

भाचा सुरुवातीला मानेना. "आत्या, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं गं आता. साइट आपली असावी म्हणून आहे." व्हॉट्सॲप चालतं, हे खरंच आहे, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला ते पुरतंही. पण तिथे भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसायचं, तेही ऐन काढणीच्या दिवसांत. आंबा खराब निघाला तर बदलून मिळेल का, पेटी किती दिवसांत येईल, हे एकदा स्वच्छ लिहून ठेवलेलं असलं की अनोळखी माणसाला भरवसा वाटतो. आणि ज्याच्याकडे तुमचा नंबरच नाही तो व्हॉट्सॲपवर येणार कसा? इन्स्टाग्राम, फेसबुक हीसुद्धा भाड्याची जागा आहे. मालकानं नियम बदलले की आपण गप्प बसायचं. दुसरं टोक म्हणजे ॲप काढणारे. वर्षातून दोनदा आंबे घेणाऱ्यानं त्यासाठी फोनमध्ये ॲप का भरावं, ते मला अजून उमगलेलं नाही.

प्रत्येकाला साइट हवीच, असंही मी म्हणत नाही. आमच्या आळीतल्या गिरणीवाल्याला ती कशाला हवी? त्याची गिरणी ऐकू येते. पण ज्याचं गिऱ्हाईक दूरगावी आहे, म्हणजे आंबेवाले, काजूवाले, कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे, त्यांनी करायची तर फोनसाठी करावी, नाहीतर ते पैसे बागेत घालावेत.

शेवटी साइट दुरुस्त झाली. रकाने एकाखाली एक आले, दर युनिकोडमध्ये टाइप झाले, फोटो हलके केले, नंबराला बोट लावलं की फोन लागू लागला. ऑर्डरी वाढल्या. मात्र त्या वर्षी मोहोरही चांगला धरला होता आणि भाच्यानं पेट्याही नेटक्या भरल्या, तेव्हा सगळं श्रेय साइटला देणं बरोबर नाही. एक फरक मात्र नक्की साइटचाच. आधी लोक फोन करून विचारायचे, "साइटवर भाव कुठे लिहिलाय?" ते फोन थांबले.

आणखी एक फायदा माझ्या वयाच्या लोकांचा. मांडणी अशी लवचीक असली की अक्षर कितीही मोठं केलं तरी ओळ पडद्याबाहेर पळत नाही, खाली वळते. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूथ्रीसी ही संस्था जे नियम करते, त्यांत २०१८ पासून याचा स्पष्ट उल्लेख आहे. डोंबिवलीच्या आमच्या वहिनी ८१ वर्षांच्या. त्यांच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली, एका ओळीत तीन-चार शब्द मावतात. त्यांनी मुलाला न विचारता, सुनेला न बोलावता, स्वतः पाच डझनाची पेटी मागवली आणि पैसेही भरले. पेटीत दोन आंबे डागी निघाले. ती तक्रार मात्र त्यांनी मला फोन करून केली, चांगली वीस मिनिटं.